कागदातलं पुढचं वाक्य

मास्तर, भांडण अर्धवट टाकून तुम्ही कधी उठला नाहीत. वहिनींनी ताट वाढलेलं असलं तरी आधी मला गप्प करायचं आणि मग हात धुवायला जायचं, हा तुमचा शिरस्ता. या वेळी बोलायची पाळी माझी होती आणि तुम्ही निघून गेलात. दोन महिने मी अबोला धरला होता. नगरला दोनदा आलो, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलो, आणि मास्तरांनी आधी बोलावं म्हणून परत फिरलो. सौद्यात जो आधी तोंड उघडतो त्याला पडतं घ्यावं लागतं, हे मी बाजारात शिकलो होतो. ते तुमच्यावर चालवायला गेलो. कर्जतला तंबूच्या मेखा ठोकत असताना मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितलं, "तात्याबा, तुमचं ते चुका काढनारं मास्तर गेलं की." मी हातातला घण खाली ठेवला आणि त्यालाच शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

आमच्यासारख्या तंबूवाल्याची आणि इतिहास शिकवणाऱ्या मास्तरांची गाठ पडली कशी, असं लोक अजून विचारतात. कोटाची गळपट्टी धरण्यावरून पडली, हे मी सांगत नाही. सुप्याला बाजाराच्या दिवशी माझा खेळ चालू होता. माझ्याकडं मशीन एकच. एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत पडदा कोरा, तंबूत बत्ती, आणि लोक शेंगा सोलत बसलेले. त्या मधल्या वेळात तुम्ही उभे राहिलात. म्हणालात, "मंडळी, राणीच्या महालात भिंतीवर घड्याळ आहे. त्या काळी असलं घड्याळ नव्हतं. पुढच्या रिळात नीट पाहा." पुढच्या रिळात राणीचा मुलगा मेला, राणी धाय मोकलून रडत होती, आणि माझा अख्खा तंबू घड्याळ शोधत होता. "त्ये बग, साडेधा झालं," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मी तुम्हाला कोटाला धरून बाहेर काढलं.

"तिकीट काढलंय मी," तुम्ही म्हणालात.

"तिकीट बगायचं हाय, बोलायचं न्हाई."

"मग डोळ्यांचं वेगळं आणि तोंडाचं वेगळं तिकीट ठेवा."

दुसऱ्या दिवशी तिकिटाच्या खिडकीवर लोक विचारायला लागले, "त्ये घड्याळवालं मास्तर आज हायती का?" तेव्हा माझं डोकं चाललं. तिसऱ्या दिवशी मी तुमच्या दारात. तुम्ही वह्या तपासत होता. मी म्हणालो, सुट्टीत आणि शनिवार-रविवारी माझ्याबरोबर चला, रीळ बदलताना बोला, पण एका रिळाला एकच चूक. तुम्ही म्हणालात, "पहिल्याच रिळात अकरा आहेत." मी म्हणालो, "निवडा." तासभर घासाघीस झाली. शेवटी दोन चुकांवर ठरलं, आणि दोन चुका सांगितल्या की चित्रातली एक चांगली गोष्टही सांगायची, ही अट माझी. तुम्हाला चुका सोडवत नसत. रीळ चालू असताना अंधारात बोटं मोडत बसायचात, अकरातल्या नऊ सोडायच्या म्हणजे कुठल्या. एवढं कष्टी मी तुम्हाला घरच्या अडचणीतसुद्धा पाहिलं नाही.

कर्जतचा तो दिवस आठवतो का? चित्रात सरदार शेवटी धारातीर्थी पडतो. बायका पदराला डोळे पुसत होत्या. शेवटच्या रिळाआधी तुम्ही उभे राहिलात आणि सांगितलंत, की हा सरदार त्या लढाईत मेला नाही, जखमी झाला, पुढं बारा वर्षं जगला आणि गावी शेती केली. रीळ संपलं. सरदार मेला. कुणी उठेना. एक धोतरवाला पुढं येऊन मला म्हणाला, "शेट, त्यो मेला न्हाई तर मग फुडलं दावा की."

"फुडलं काय?"

"बारा वर्सं."

लोक तिकिटाचे पैसे मागायला लागले, अर्धीच गोष्ट दाखवली म्हणून. मी घसा फोडून सांगत होतो की सिनेमा एवढाच आहे. तुम्ही खांबाला टेकून उभे होता आणि तुमचा चेहरा असा फुलला होता, जणू शाळेतला ढ पोरगा पहिला आला. त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी तुम्हाला ट्रकमधून उतरवायला निघालो होतो. म्हणालो, माणूस दिवसभर उन्हात राबतो, त्याला दोन घटका रडायला मिळतात, त्या तुम्ही नासवता. लग्नात नवरदेव घोड्यावर बसतो, तेव्हा हा राजा नाही, कुळवाडी आहे, असं कुणी वरातीत ओरडतं का?

"नाही ओरडत," तुम्ही म्हणालात, "कारण ते सगळ्या वरातीला माहीत असतं. तुमच्या तंबूत माहीत नसतं."

मी ट्रकचा वेग वाढवला.

मग भंडारदऱ्याच्या वाटेवर चाक पंक्चर झालं, त्या दुपारी तुम्ही मला विचारलंत की मी बारा वर्षांचा असताना गाव का सोडलं. मी कुणाला सांगत नसे. तुम्हाला सांगितलं. आमच्या गावात सीना नदीच्या काठी गढी आहे. इंग्रजांनी ती वेढली होती, चार दिवस लढली, पाचव्या दिवशी आतून कुणीतरी दार उघडलं. गाव म्हणतं, दारावरच्या राणोजीनं उघडलं, फितूर झाला. राणोजी आमच्या घरचा. म्हणून गावच्या यात्रेत प्रत्येक घराला मान आहे, कुणाला काठीचा, कुणाला ढोलाचा, कुणाला दिवटीचा, आणि आमच्या घराला नाही. सगळ्यांचे नारळ देवापुढं फुटतात. आमचा नारळ गुरव हातात घेतो, देवळाच्या दाराबाहेर जातो आणि पायरीवर फोडतो. त्यांनी दार उघडलं, त्यांना दाराच्या आत जागा नाही, असा हा हिशोब. मी बारा वर्षांचा असताना तो नारळ गुरवाच्या हातातून हिसकून आत पळालो होतो. बापानं मला गावासमोर मारलं. त्या रात्रीच निघालो.

पुढं सात-आठ महिने तुम्ही आमच्या तालुक्यातल्या जुन्या कुळकर्ण्यांची दप्तरं उकरत होता, आणि मला वाटायचं, शाळेचं काही काम असेल.

इंग्रज गेले आणि इंग्रजांविरुद्धच्या लढायांची चित्रं निघायला लागली. पुण्याची एक कंपनी आमच्या गढीवर चित्र काढणार म्हणून गावात येऊन गेली. म्हाताऱ्यांनी जे सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं आणि त्यावर आपलं चढवलं. पडद्यावरचा राणोजी एका डोळ्यानं बारीक, हातात कायम बाटली, आणि एका नाचणारणीसाठी तो दार विकतो. त्याचं हसणं असं, की पोरं आयांच्या कुशीत शिरतात. तुम्ही म्हणालात, "तात्याबा, हे चित्र लावू नका." मी म्हणालो, मी न लावलं तर दुसरा तंबूवाला लावेल. ते खरंच होतं. पण तंबू तुडुंब भरतो हेही खरं होतं, ते मी तुमच्यापाशी बोललो नाही. लावलं. राणोजी आला की लोक खडे मारायचे. सकाळी उन्हात पडदा पसरून मी त्याला ठिगळं लावायचो, बहुतेक सगळी त्याच्या तोंडाच्या जागी. ऑपरेटर इब्राहिम म्हणायचा, "सेठ, ह्याला जरा खाली उभा केला असता तर कापड तरी वाचलं असतं." त्याला कुठं माहीत होतं की तो माझा खापरपणजा आहे.

त्या दप्तरांत तुम्हाला कागद सापडला होता. प्रत्येक गावी, राणोजीचं पहिलं रीळ संपलं की तुम्ही उभं राहून सांगायचात: मंडळी, फितुरीचा पुरावा नाही. त्या वेळच्या एका मोडी कागदात एवढंच आहे, की दारावरचा एक माणूस पांढरं फडकं घेऊन बाहेर आला, बोलणं करून परत गेला. गढीत पाणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं, बायकापोरं आधी बाहेर आली. त्या माणसाचं नाव कागदात नाही.

लोक ऐकायचे. पण खडे कमी होत नव्हते. बाटली आणि नाचणारीण यांच्यापुढं तुमचं पांढरं फडकं फिकं पडत होतं, मास्तर, मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो. मला आणखी पाहिजे होतं. यात्रा चैत्रात, तिथं हाच खेळ मी लावणार होतो, आणि मला राणोजीच्या नावानिशी एक वाक्य माझ्या गावात, तुमच्या तोंडून पाहिजे होतं. तुमच्या ओसरीवर दुपारी आपण बसलो. वहिनींनी चहा दिला होता, तो तसाच राहिला.

"मास्तर, राणोजीनं बायापोरं वाचीवली, येवढंच म्हना."

"कागदात नाव नाही, तात्याबा."

"गावाला नाव ठावं हाय. सव्वाशे वर्सं ठावं हाय."

"गावाचं म्हणणं तुम्हाला नको, आणि नाव मात्र गावाकडूनच घ्यायचं?"

"सिनेमावाल्यानं कंचा कागूद बगितला? त्येनं बाटली दिली, बाई दिली. तुमी मला येक वाक्य देऊ शकत न्हाई?"

"तुमच्यासाठी पदरचं घातलं, तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

"कागदात येवढंच हाय?"

"एवढंच आहे," तुम्ही म्हणालात आणि चष्मा पुसायला लागलात.

मग मी जे बोललो ते बोललो. "तुमच्या घरचा नारळ आत फुटतो, म्हनून तुमाला कागूद पुरतो." पायताण पायात अडकवलं आणि निघालो. तुम्ही दारापर्यंत आलात. माझं नाव घेऊन एकदा हाक मारलीत. मी वळलो नाही. दोन महिने मी तुम्हाला मनातल्या मनात कद्रू म्हणत होतो. भिंतीवरच्या घड्याळासाठी भरल्या तंबूत उभा राहणारा माणूस, मित्राच्या घरावरचा डाग पुसायला एक वाक्य सोडत नाही. ही माझी तक्रार. अजून उतरलेली नाही, फक्त आता ती कुठं ठेवायची ते कळत नाही.

तेराव्याला मी आलो. मागच्या रांगेत बसलो. सगळे गेल्यावर वहिनींनी एक पाकीट दिलं. म्हणाल्या, "तुमचं नाव आहे त्यावर. ते दोन महिने रोज म्हणायचे, तात्याबा आज येईल." मला पाकीट घेऊन पळावंसं वाटलं. आत तुमच्या हातची बाळबोध नक्कल होती, त्या मोडी कागदाची, संपूर्ण. मी वाचत गेलो. पांढरं फडकं होतं. पाणी नव्हतं ते होतं. बायकापोरं होती. आणि जिथं तुम्ही तंबूत थांबायचात, त्याच्यापुढं आणखी एक वाक्य होतं. "सदरहू असामीस नदीकाठची आठ बिघे जमीन इनाम द्यावी असा हुकूम झाला."

नदीकाठचं आमचं शेत, बाप गेल्यावर माझ्याकडं आलेलं, तुम्ही पाहिलेलं आहे. त्यातली वांगी वहिनींना आवडायची. आठ बिघे. माझे आजोबा सांगत, दुष्काळात जोंधळा देऊन घेतलं म्हणून, आणि मी सौदे करताना मोठ्या ऐटीत म्हणायचो, आमच्या रक्तातच आहे ते. म्हणजे तो माणूस आमचाच. कागदात नाव नसलं तरी शेत होतं. इंग्रजांनी त्याला जमीन दिली. तहान लागलेल्या माणसांसाठी बोलणं केलं म्हणून दिली, की दार उघडलं म्हणून, ते कागद सांगत नाही. ते वाक्य तुम्ही वाचलं असतं तर फडकंवाल्या माणसाला आमच्या घराचं नाव मिळालं असतं आणि बरोबर इंग्रजांनी दिलेली जमीनही उघडी पडली असती. म्हणून तुम्ही दोन्ही गिळलंत. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, "तात्याबांस सांगावे." त्यावर रेघ मारलेली. खाली पुन्हा तेच, "तात्याबांस सांगावे." त्यावर रेघ नव्हती.

मास्तर, तुम्ही मला तोंडावर खोटं सांगितलंत. एवढंच आहे म्हणालात. मी ट्रकमध्ये बसून राहिलो. आधी संताप आला, की मला पोर समजलात का, मला झेपलं नसतं का. मग वाटलं, या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा एक चूक पोटात घातली, ती माझ्यासाठी, आणि मी त्यालाच कद्रू म्हणत होतो. मग परत संताप. अजून हे असंच चालू आहे. जेवताना एक, झोपताना दुसरं.

यात्रा गेल्या आठवड्यात झाली. तंबू नदीकाठी होता. राणोजीचं पहिलं रीळ संपलं, खडे पडून झाले, बत्ती लागली. पुढं बाबूराव पाटील बसले होते, काठीचा मान त्यांच्या घरचा. म्हणाले, "काय रं तात्याबा, आज मास्तर न्हाई म्हंजी आज सगळं खरं." लोक हसले. मी पडद्यापुढं गेलो. मला बोलायची सवय भाव करण्याची, अशी नाही. तुमच्या हातची नक्कल खिशातून काढली आणि वाचायला लागलो. तुम्ही थांबायचात तिथं थांबायचं, असं घरून ठरवून आलो होतो. थांबलोही.

"आन् फुडं?" पाटील म्हणाले. ते सहज म्हणाले असतील. पण माझ्या हातात पान अजून उरलं होतं ते त्यांना दिसत होतं. मी पुढचं वाक्य वाचलं.

मग पाटील म्हणाले, "म्हंजी तुमचंच शेत."

"व्हय. अजून माज्याकडंच हाय."

"मंग आमी काय येगळं म्हनत हुतो?"

"पानी न्हवतं. त्येबी त्याच कागदात हाय. निम्मा कागूद घ्याचा न्हाई पाटील, घ्याचा तर आख्खा घ्या."

बायकांच्या बाजूनं साळूआजी बोलली, ती कुणाला भीत नाही. "गढीत आड न्हाईच. लगीन हून आल्यापसनं बगतीया. पानी नदीचं."

"नदीवर तर गोरं बसल्यालं," कुणीतरी म्हणालं.

"मंग चार दिस लेकरांनी काय प्यालं?"

"आगं पन जमीन घेतली की त्येनं."

"तू न्हाई घेनार? तू तर बांध कोरतूस."

मागून इब्राहिमनं हाक मारली, "सेठ, रीळ चढवलंय." इंजिन चालू, रॉकेल जळतंय, आणि कुणी मागं वळून पाहीना. एक जण खेकसला, "थांब की रं जरा." इतक्या वर्षांत माझ्या तंबूत मशीनला कुणी थांब म्हणालं नव्हतं. मला तुमच्याकडं बघायचं होतं. तुम्ही ज्या खांबाला टेकायचात तिथं कुणीतरी टोपली ठेवली होती.

मग पुढचं रीळ चाललं. राणोजी बाटली घेऊन हसला. खडे पडले. मधेच एक जण म्हणाला, "त्येच्या बाटलीत पानी हाय का बगा रं, बायापोरांस्नी द्या," आणि तंबू हसला. ते हसणं राणोजीला होतं की सिनेमावाल्याला, मला सांगता येणार नाही. सकाळी गुरवानं आमचा नारळ नेहमीसारखा दाराबाहेर नेला आणि पायरीवर फोडला. पाटील जवळच उभे होते. नंतर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "त्यो कागूद पंचांफुडं आन. समद्या गावाला कळू दे." मी म्हणालो, आणतो. मग त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "तात्याबा, मास्तर गावोगाव त्यो कागूद सांगत हुतं म्हनं. मंग ते जमिनीचं वाक्य त्येंनी कदी का न्हाई वाचलं?"

मी पाटलांकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत तुम्हाला पकडल्याचा आनंद होता, मास्तर. चुका काढणाऱ्याची चूक. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते पाच गावांत सांगितलं असतं.

"त्येंना ते पानच गावलं न्हवतं," मी म्हणालो. "ते मागनं निगालं. त्ये गेल्यावर."

पाटलांनी मान हलवली आणि गेले. एका खेपेत, भाव न करता, खोटं विकलं गेलं. आठ दिवसांनी पंच बसतील. तिथं कागद अख्खा वाचीन, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि पाटलांनी पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच सांगेन. तुम्हाला ते मुळीच चाललं नसतं, ठाऊक आहे. पण मधेच उभं राहून मला अडवणारं तिथं कुणी नसेल.